पाय न टेकवता : ट्रायल्स रायडिंग शिकायचं कसं आणि गाडी टिकवायची कशी

आमच्या शाळेच्या क्रीडा महोत्सवात 'सावकाश सायकल'ची शर्यत असायची. जो सगळ्यात शेवटी पोचेल त्याचा पहिला नंबर, आणि पाय टेकला की बाद. एरवी सुसाट सायकल हाणणारी पोरं पहिल्या दहा फुटांतच पाय टेकायची. जिंकायचा तो सकाळी दूध घालणारा मुलगा. हँडलला दोन्हीकडे किटल्या अडकवून गल्लीबोळांतून जायची त्याला रोजची सवय होती.

ट्रायल्स म्हणजे मोटरसायकलवरची सावकाश सायकल. फरक एवढाच की मैदानाऐवजी समोर धोंडे, ओढा, ओंडके आणि उभा चढ असतो. घड्याळाशी फारसा संबंध नाही. दोन्ही बाजूंनी खुणा लावलेला एक छोटा टप्पा असतो, त्याला सेक्शन म्हणतात. तो पाय न टेकवता पार केला तर शून्य गुण, आणि इथे शून्यच सगळ्यात भारी. एकदा पाय टेकला की १, दोनदा २, तीन किंवा जास्त वेळा टेकला तरी ३. पडलात, खुणेबाहेर गेलात किंवा गाडी मागे घसरली तर ५. काही स्पर्धांत मध्ये थांबून तोल सावरायला परवानगी असते, काहींत थांबलात की थेट ५. ज्याचे गुण कमी तो जिंकला.

हे परदेशी खूळ वाटेल, पण आपल्या रस्त्यावरच्या बुलेटची नाळ इथेच आहे. मागच्या चाकाला स्विंगआर्म (चाकाला वरखाली होऊ देणारा सांध्यावरचा दांडा) आणि शॉकअप असलेली बुलेट १९४८ साली पहिल्यांदा लोकांसमोर आली ती इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये. तेव्हा ट्रायल्सवाले मागे सस्पेन्शन नसलेल्या गाड्याच बऱ्या मानत. मागचं चाक हललं तर पकड जाईल, असा समज होता. प्रत्यक्षात झालं उलटं. चाक दगडाच्या आकाराप्रमाणे वरखाली होतं म्हणून पकड वाढली. पुढे जॉनी ब्रिटन यांनी रॉयल एनफिल्डवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. ही स्पर्धा १९०९ पासूनची, आणि आजही मे महिन्यात स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमच्या परिसरात होते. १९६५ साली सॅमी मिलर यांनी तीच स्पर्धा बुल्टाको या हलक्या स्पॅनिश टू-स्ट्रोकवर जिंकली आणि जड फोर-स्ट्रोकचा काळ सरला. आज स्पेनचा ट्रायल्सचा जगज्जेता टोनी बोऊ माणसाच्या उंचीच्या खडकावर गाडी चढवतो ते बघून कुणीही गार होतं. पण त्याचे व्हिडिओ बघून शिकायला सुरुवात करू नका. मी केली होती. पहिल्याच आठवड्यात क्लचचा लिव्हर मोडला.

गाडी कुठली?

खरी ट्रायल्सची गाडी साधारण ७० किलोची असते. सीट जवळजवळ नसतेच, टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल मावतं, आणि मागच्या रुंद मऊ टायरमध्ये हवा जेमतेम ४-५ पीएसआय. अशी गाडी आपल्याकडे सहजी मिळत नाही. मिळाली तरी किंमत ऐकून घरात बोलणी बसतील. मी हिरोच्या एक्सपल्स २०० वर शिकलो. पुढे २१ आणि मागे १८ इंची चाक, खाली भरपूर मोकळी जागा, भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. वजन मात्र १५५-१६० किलो, म्हणजे खऱ्या ट्रायल्स गाडीच्या दुप्पट. त्यामुळे खडकावर उड्या मारण्याचं स्वप्न बाजूला ठेवा. तोल, क्लच, वळणं, चढउतार आणि फूटभर उंचीचा अडथळा एवढं या गाडीवर नीट शिकता येतं. घरात जुनी, हलकी, पडली तरी जीव हळहळणार नाही अशी १००-१२५ सीसी गाडी असेल तर पहिले दोन महिने तीच घ्या. माझ्या मते ती जास्त चांगली.

जागा शोधताना मालकाला विचारा. वनखात्याची जमीन, गडाच्या वाटा, देवराई यांच्या वाटेला जाऊ नका. उन्हाळ्यात मोकळं पडलेलं भाताचं खाचर, मुरमाड माळ किंवा ओढ्याचं कोरडं पात्र उत्तम. एकट्याने जायचं नाही, हा नियम मोडू नका. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्या-कोपराचे गार्ड आणि घोट्याच्या वर जाणारे जाड बूट हवेतच. इथे वेग नसतो, पण गाडी पायावर पडते, आणि घोटा मोडायला वेग लागत नाही.

सुरू करण्याआधी दहा मिनिटांचं काम

आरसे काढा (रस्त्यावर यायच्या आधी परत लावायचे आहेत, लक्षात ठेवा). फूटपेगवरची, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवरची, रबरं काढा, म्हणजे खालचे दाते बुटाला धरतात.

आता पेगवर उभे राहा, सोबत्याला गाडी धरायला सांगा आणि हात सहज हँडलवर टेकवा. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर तुमच्या बोटांच्या सरळ रेषेत यायला हवेत. कंपनीतून ते बसलेल्या माणसाच्या सोयीने लावलेले असतात, म्हणून उभं राहिल्यावर मनगट वर मोडावं लागतं. लिव्हरचा क्लॅम्प सैल करून थोडा खाली फिरवा. परत आवळताना गच्च आवळू नका. हाताने जोर लावला तर फिरेल, पण चालवताना हलणार नाही, इतपतच. पडल्यावर लिव्हर फिरतो आणि वाचतो. गच्च आवळलेला मोडतो. माझा मोडला तो असाच.

टायरची हवा हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा बदल. ट्रायल्स गाडीचे ४-५ पीएसआय वाचून आपल्या गाडीला तेच करू नका. ट्यूबवाल्या जड गाडीत इतकी हवा कमी केली तर टायर रिमवर फिरतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते. १८ च्या आसपास ठेवा, १५ च्या खाली जाऊ नका. पंपावरच्या मीटरवर इतक्या कमी आकड्याचा भरवसा धरू नका. ३० किंवा ६० पर्यंतचा छोटा गेज विकत घ्या.

पहिला गियर लांब वाटत असेल, म्हणजे क्लच पूर्ण सोडल्यावर गाडी चालत्या माणसाच्या पुढे पळत असेल, तर पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात लहान टाका. १३ चं १२ केलं की गिअरिंग साधारण ८ टक्क्यांनी बसकं होतं. कामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हायवेवर इंजिन थोडं ओरडेल, तेवढं चालवून घ्या.

पायरी १ : गाडी बंद, तुम्ही उभे

पहिले चार दिवस इंजिन सुरूच करायचं नाही. सांगितलं की सगळे हसतात, आणि मग हेच टाळतात.

पेगवर उभे राहा. बुटाच्या कमानीचा पुढचा भाग पेगवर, म्हणजे उजव्या पायाचं बोट मागच्या ब्रेकवर पोचतं. गुडघे किंचित वाकलेले आणि थोडे फाकलेले, टाकीला चिकटलेले नाहीत. कंबर पेगच्या बरोबर वर, कोपरं बाहेर. बरोबर उभे आहात का ते असं तपासा : दोन्ही हातांची बोटं हँडलवरून क्षणभर उचला. पुढे कलंडलात तर वजन हातांवर होतं, मागे गेलात तर तुम्ही हँडलला लोंबकळत होतात. दोन्ही चूक. वजन पायांवर हवं, हात फक्त लिव्हर आणि रेससाठी.

आता पुढचं चाक भिंतीला किंवा मोठ्या दगडाला टेकवा, हँडल डावीकडे पूर्ण वळवा, पुढचा ब्रेक एका बोटाने धरा आणि उभे राहा. सोबती मागे उभा असू दे. हात लावायचा नाही, फक्त पडताना धरायचं. सुरुवातीला तीन सेकंदही राहता येत नाही. दहा सेकंद जमले की भिंत सोडा. हँडल वळलेलं असलं की गाडी दोन-चार इंच पुढेमागे केल्यावर पुढचं चाक आडवं सरकतं, आणि तोल सावरायला तेवढं पुरतं. म्हणूनच हँडल सरळ ठेवून उभं राहणं फार अवघड. नजर चाकाकडे नको, पंधरा-वीस फुटांवर एखादं झाड किंवा खांब पकडा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज रात्री दहा मिनिटं केलं तरी पुरे. शेजारचे काका रोज विचारतील, "गाडी सुरू होत नाही का?"

पायरी २ : क्लच

सगळं ट्रायल्स डाव्या हाताच्या एका बोटात आहे. रस्त्यावर आपण क्लच स्विचसारखा वापरतो, दाबला किंवा सोडला. इथे तो नळाच्या तोटीसारखा वापरायचा, थेंबथेंब.

सपाट जागेवर पहिला गियर टाका. रेस आयडलपेक्षा थोडी वर नेऊन तिथेच धरून ठेवा, मनगट हलवायचं नाही. आता फक्त क्लच सोडत गाडी एक फूट पुढे न्या आणि क्लच दाबून थांबवा. परत एक फूट. बसून जमलं की उभं राहून. तेही जमलं की मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून तेच करा. ब्रेक आणि हाफ क्लच एकमेकांविरुद्ध ओढत राहिले की गाडी दोन्हीकडून ताणलेल्या दोरीसारखी स्थिर होते. धक्के बसत नाहीत, चेनची ढिलाई खडखडत नाही. सावकाश चालवण्यातलं निम्मं गुपित या ओढाताणीत आहे.

एवढा वेळ हाफ क्लच ठेवला तर प्लेटा जळणार नाहीत का? आपल्या गाड्यांतल्या प्लेटा ऑईलमध्ये बुडालेल्या असतात, त्यांना थोडं घसरणं सोसतं. पण ऑईलही तापतं. जळका वास आला किंवा लिव्हरची ढिलाई बदललेली जाणवली तर इंजिन बंद करा आणि सावलीत बसा. एअर-कूल्ड गाडीला वारा लागत नाही, आणि एप्रिलच्या दुपारी तुम्हालाही लागत नाही. वीस मिनिटं सराव, दहा मिनिटं विश्रांती हे गणित मी कधी मोडत नाही.

पायरी ३ : वळणं

दोन दगड सहा मीटर अंतरावर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा. जमत गेलं की दगड जवळ आणा.

रस्त्यावर वळताना आपण गाडीबरोबर झुकतो. इथे उलटं. गाडी आत झुकवायची, अंग बाहेर ठेवायचं. डावीकडे वळताना गाडी डावीकडे पडते, कंबर उजवीकडे जाते आणि वजन उजव्या, म्हणजे बाहेरच्या पेगवर येतं. बाहेरच्या पेगवर खरंच वजन आहे का बघायचं असेल तर आतला पाय पेगवरून क्षणभर उचलून बघा.

डावं आणि उजवं वळण सारखं नसतं, हे मला फार उशिरा उमगलं. उजवीकडे पूर्ण वळल्यावर डावा हात लांब जातो आणि क्लचवरचं बोट सुटतं. शिवाय उजवं मनगट पोटाशी येऊन नकळत रेस वाढते. नवशिक्याचे बहुतेक धप्पे उजव्या वळणावर का, याचं उत्तर हे आहे. उपाय : वळायच्या आधीच कंबर बाहेर आणि थोडी पुढे घ्या, म्हणजे लांबच्या हाताला ताण पडत नाही. आणि मान वळवा. एक दगड ओलांडण्याआधीच नजर पुढच्या दगडावर हवी. पायाखालच्या दगडाकडे बघाल तर त्याच दगडावर जाल.

गाडी पडायला लागली तर पडू द्या. १६० किलो पायाने अडवायला जाऊ नका. पेगवरून उतरा, बाजूला व्हा.

पायरी ४ : चढ आणि उतार

चढाला वेग खाली, पायथ्याशी घ्यायचा. चढावर मधेच रेस वाढवली की मागचं चाक मुरमात खड्डा खणतं. अंग पुढे, छाती हँडलवर, पण कंबर पेगच्या वरच. माथा दिसला की रेस कमी करा, नाहीतर माथ्यापलीकडे काय आहे ते हवेत असताना कळेल.

चढ अर्ध्यात चुकला तर काय करायचं, हे चढ चढण्याच्या आधी शिका. इंजिन बंद पडलं तर क्लच दाबू नका. गाडी गियरमध्ये आहे, मागचं चाक तिथेच अडतं. नुसत्या पुढच्या ब्रेकने मुरमात गाडी थांबत नाही, कारण चढावर वजन मागच्या चाकावर असतं. चढाच्या वरच्या बाजूला पाय टेका, वरच्या बाजूलाच उतरा. मग क्लच किंचित सोडत-धरत गाडी इंचइंच मागे येऊ द्या आणि हँडल वळवून ती आडवी करा. क्लच हाच मागचा ब्रेक झाला. आडवी झाली की पुढचं चाक उताराकडे फिरवून खाली या. सौम्य उतारावर हे दहा वेळा मुद्दाम करून बघा. खऱ्या चढावर गांगरलात तर हातच हे काम करतील.

उतरताना पहिला गियर, क्लच सुटलेला, कंबर मागे, हात सैल. पुढचा ब्रेक एका बोटाने हळू दाबा. अचानक दाबलात तर पुढचं चाक सटकतं.

पायरी ५ : पहिला अडथळा

जुना टायर जमिनीत अर्धा पुरा किंवा चार इंच जाडीचा ओंडका पक्का रोवून ठेवा. मी भाताच्या बांधावर शिकलो. बांध बरा, कारण चुकलं तरी मातीच असते. फक्त मालकाला आधी सांगा आणि फोडलेला बांध नंतर स्वतः लिंपून द्या. मी दोन रविवार घमेलं घेऊन तेच केलं.

क्रम असा. चालण्याच्या वेगाने, बरोबर काटकोनात या. अडथळा दीड-दोन फुटांवर असताना गुडघे वाकवून गाडी खाली दाबा, पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअप) बसतो. फोर्क परत वर उसळतो त्याच क्षणी छोटी रेस आणि क्लच झटकन सोडायचा, कंबर किंचित मागे. पुढचं चाक उचललं जातं आणि ओंडक्याच्या माथ्यावर टेकतं. लगेच रेस बंद, गुडघे मऊ, कंबर पुढे. गाडीला तुमच्या पायांखाली वर यायला जागा द्या, मागचं चाक वेगाच्या जोरावर येतं. मागचं चाक ओंडक्याला भिडताना रेस चालू असेल तर ते फिरून सटकतं आणि गाडी आडवी जाते. दहातल्या आठ चुका याच असतात. पुढचं चाक फारच वर गेलं तर मागचा ब्रेक दाबा, ते खाली येतं. म्हणून उजव्या पायाचं बोट ब्रेकवरून कधीच हलवायचं नाही.

आधी क्लच विसरा, फक्त दाबणं आणि उसळणं घरी बंद गाडीवर करा. या सगळ्याची लय एकदा अंगात बसली की मग फार विचार करावा लागत नाही. आणि ती बसेपर्यंत कितीही वाचलं तरी उपयोग नाही.

चार-पाच रविवारांनंतर फक्कीने दोन रेघा मारून स्वतःचा सेक्शन आखा : एक वळण, एक ओंडका, एक तिरका उतार. गाडीवर बसण्याआधी पायी चालून या, आणि शेवटाकडून सुरुवातीकडेही एकदा बघा. बाहेर पडायला कुठल्या बाजूने यायचं हे कळलं की आत कुठून शिरायचं ते आपोआप ठरतं. सोबत्याने गुण लिहायचे. मित्र असला तरी पाय टेकला की १.

आता गाडीची निगा

इथे पहिली फसवणूक करतो तो ओडोमीटर. तीन तासांच्या सरावात माझी गाडी जेमतेम आठ किलोमीटर दाखवते. त्या आठ किलोमीटरांत इंजिन मात्र तीन तास पहिल्या गियरमध्ये, वाऱ्याशिवाय, हाफ क्लचवर चाललेलं असतं. सर्व्हिस पुस्तकातल्या किलोमीटरच्या भरवशावर राहिलात तर ऑईल कधीच वेळेवर बदलणार नाही. एक वही करा, तास लिहा. मी २५ तासांनी ऑईल बदलतो, गॅरेजवाले काहीही म्हणोत. ऑईल जेएएसओ एमए किंवा एमए२ (ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑईलची खूण) लिहिलेलंच घ्या. कारचं ऑईल घातलं तर त्यातल्या घसरडेपणा वाढवणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरायला लागतो. जुनं ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ओढ्यात खेळला असाल तर हे बघाच.

एअर फिल्टर. आपला लाल मुरूम पिठासारखा उडतो आणि कुठेही शिरतो. फोमचा फिल्टर असेल तर रॉकेल किंवा साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, नुसता दाबा. पूर्ण वाळल्यावर फिल्टर ऑईल लावा. पेट्रोलने धुतला तर फोम कुजतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. बॉक्स उघडा असताना आतल्या तोंडावर स्वच्छ फडकं कोंबा, आणि बसवताना ते काढायला विसरू नका.

चेन. सराव संपल्यावर ती गरम असतानाच ल्यूब मारा, ते आत मुरतं. घट्ट चेन सैल चेनपेक्षा वाईट. शॉकअप दबत जाताना एका ठिकाणी चेन सगळ्यात जास्त ताणली जाते, आधीच घट्ट असेल तर गियरबॉक्सच्या बेरिंगवर ताण येतो. म्हणून पुस्तकात दिलेल्या मापाच्या सैल टोकाला ठेवा. चेन एकाच ठिकाणी मोजू नका, चाक फिरवत चार ठिकाणी बघा. लॉकची क्लिप असेल तर तिची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवी. उलटी लागली तर दगडाच्या ठोकरीने निघून जाते.

आता माझं आवडतं काम, स्पोक. चाक अधांतरी करा, छोटा पाना घ्या आणि एकेका स्पोकवर हलकेच टिचकी मारत चाक फिरवा. टिंग, टिंग, टिंग, थड. तो 'थड' म्हणजे सैल स्पोक. निपल पाव आटा आवळा आणि पुन्हा ऐका. सगळेच टिंग व्हावेत म्हणून एकाच बाजूचे आवळत सुटू नका, रिम वाकडं होतं. एकाच भागात तीन-चार थड असतील तर चाक जुन्या सायकलवाल्याकडे न्या. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझं २१ इंची रिम डोळ्यासमोर खडू धरून सरळ केलं होतं.

केबलचा क्लच असेल तर लिव्हरच्या मुळाशी २-३ मिलीमीटर ढिलाई ठेवा. ढिलाई शून्य झाली तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो आणि प्लेटा जळतात. केबलच्या वरच्या टोकाला कागदाचं किंवा फुग्याचं नरसाळं करून दोन-चार थेंब ऑईल सोडा आणि रात्रभर तशीच लटकवा. सकाळी एका बोटाचं काम किती हलकं झालंय ते बघा.

बाकीचं भरभर. ब्रेक पॅडचं अस्तर एक मिलीमीटरला आलं की बदला, ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी. फोर्कच्या चकचकीत नळीवरचा चिखल वाळायच्या आत पुसा, वाळलेला चिखल सील कापतो. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खाच जाणवली तर स्टिअरिंगचं बेरिंग गेलं. प्रेशरच्या पाण्याचा फवारा चाकाच्या बेरिंगवर, चेनवर आणि मागच्या स्विंगआर्मच्या सांध्यावर जवळून मारू नका. पाणी आत जातं, ग्रीस बाहेर येतं. फूटपेग, हँडल क्लॅम्प, इंजिनखालचा गार्ड आणि स्प्रॉकेट यांच्या बोल्टांवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय.

सोबतच्या पिशवीत ८, १०, १२, १४ चे पाने, एलेन की, दोन्ही लिव्हर, क्लच केबल, ट्यूब, टायर लिव्हर, पायपंप, गेज, चेनचं जोडलॉक, केबल टाय आणि एम-सीलचं पाकीट. इंजिनच्या कव्हरला दगड लागून बारीक चीर पडली तर ऑईल पुसून, चीर कोरडी करून एम-सील लावा. तासाभरात गाडी घरापर्यंत येण्याजोगी होते.

निघताना हवा भरा. एकदा आळस केला आणि १६ पीएसआयवर तसाच डांबरीवर आलो. पहिल्याच खड्ड्यात ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडली, आणि पंक्चरवाला होता सहा किलोमीटरवर. तेव्हापासून पायपंप पिशवीत सगळ्यात वर असतो. शंभरेक ठोसे मारले की रस्त्यापुरती हवा होते. मग आरसे लावायचे. तेवढ्यात चेन निवते, म्हणून ल्यूब त्याच्या आधी.